उतरलेले वजन आणि चढलेला गर्व



काही पापे माणूस दुर्बल असताना करतो, आणि काही पापे थोडे यश पदरी पडल्यावर करतो. ही दुसऱ्या जातीची पापे ओळखावयास फार कठीण, कारण ती चांगल्या कामाचाच पोशाख करून येतात. आज आम्ही आमच्याच हातून घडलेली अशी एक गोष्ट सांगणार आहोत. ती वजन कमी करण्यासंबंधीची आहे. मंडळीच्या मासिकात पोट, कंबर आणि वजनकाटा ह्यांची चर्चा कशाला, असे कोणास वाटेल. परंतु शेवटपर्यंत वाचावे, अशी विनंती आहे.

२०२३ साली आमच्या डॉक्टरांनी आम्हांला समोर बसवून सांगितले की, रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली आहे, कंबर ९८ सेंटिमीटर भरते, आणि आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० च्या आत असावी. “आज गोळ्या देत नाही. सहा महिने जेवण आणि चालणे सांभाळा, मग पाहू,” असे ते म्हणाले. आम्ही ते मनावर घेतले. दिवसाकाठी पाच-सहा कप चहा होत असे, त्यातली साखर बंद केली. रात्रीचा भात सोडून ज्वारीची एक भाकरी, वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, पालेभाजी आणि काकडी एवढ्यावर आलो. उपासनेनंतरच्या चहाबरोबरची खारी सोडली. बेळगावात राहून कुंदा सोडणे कठीण. तो एका चमच्यावर आणला. पहाटे टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतून पाऊण तास भरभर चालू लागलो. पहिले दोन महिने जिवावर आले. पुढे सवय झाली. चौदा महिन्यांत ८४ किलोंवरून ७३ वर आलो. साखर खाली आली, जिना चढताना लागणारी धाप गेली. येथवर सर्व ठीक होते. देवाचे आभार मानावेत अशीच ती गोष्ट होती.

पण आभार मानता मानता आम्ही इतरांच्या ताटांकडे पाहू लागलो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पाळकसाहेब परगावी गेले होते, म्हणून बोध आमच्याकडे आला. विषय इंद्रियदमन. आम्ही उत्साहाने आमचेच उदाहरण दिले. “गोळी नाही, सुई नाही, सुरी नाही; केवळ निश्चय!” असे म्हणालो. पुढे असेही बोलून गेलो की, ज्याला स्वतःच्या ताटावर राज्य करता येत नाही, त्याने आत्म्याच्या गोष्टी काय बोलाव्यात? मंडळीत थोडा हशा पिकला. उपासनेनंतर दोघाचौघांनी हात हातात घेऊन “छान बोललात” म्हटले. आम्ही तृप्त मनाने घरी गेलो.

पुढच्या रविवारी तिसऱ्या बाकावरची एक जागा रिकामी होती. त्यापुढच्या रविवारीही. त्या बाईंनी आम्हांला लहानपणी शब्बाथ शाळेत शिकविले होते. पवित्र शास्त्रातली पुस्तके क्रमाने म्हणावयास आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. बाई अंगाने बऱ्याच स्थूल आहेत. महिनाभराने पाळकीणबाईंनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले, “तुम्ही त्यांना भेटून आलात का?” तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला.

आम्ही गेलो. बाईंनी चहा केला, आमच्या कपात आठवणीने साखर घातली नाही. मग म्हणाल्या, “अरे, तू त्या दिवशी बोललास ते सगळं खोटं नव्हतं. पण बोलताना तू माझ्याकडे बघितलंस. बारा वर्षं झाली, सांध्यांच्या दुखण्यासाठी मी स्टेरॉइडच्या गोळ्या घेते. रात्री अर्धी भाकरी खाते. माझ्या ताटात काय असतं, ते तू एकदा तरी येऊन बघितलं होतंस का?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. ह्या गोळ्यांनी भूक वाढते आणि चरबी चेहऱ्यावर व पोटावर साठते, ही डॉक्टरांच्या पुस्तकातली साधी गोष्ट. पण ज्याला काट्यावर विजय मिळाला आहे, त्याला ती विचारावीशी वाटत नाही.

दुसरा धक्का ऑक्टोबरमध्ये बसला. मंडळीतला एक तरुण गृहस्थ रात्री घरी आला. वजन १२८ किलो, जोडीला मधुमेह. डॉक्टरांनी त्याला जूनपासून आठवड्यातून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन सुरू केले होते. आमचा बोध ऐकून त्याला वाटले, आपण भित्रे आहोत, आपला विश्वास कमी आहे. म्हणून कोणासही न सांगता त्याने सहा आठवडे इंजेक्शन बंद ठेवले. साखर भलतीच चढली. “आता डॉक्टरांना काय सांगू, दादा?” असे तो विचारीत होता. आमचे एक टाळीचे वाक्य एका माणसाच्या रक्तापर्यंत जाऊन पोहोचले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांपुढे दोष आमचा असल्याचे कबूल केले.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. औषधावाचून आणि शस्त्रक्रियेवाचून, केवळ आहार आणि व्यायाम ह्यांच्या बळावर वजन उतरविणे चांगले, ह्यात शंका नाही. पण ते नीतिमत्त्व आहे काय? ज्याचे उतरले तो अधिक चांगला माणूस, आणि ज्याचे उतरले नाही किंवा ज्याने औषध घेतले तो उणा, असे आपणांस म्हणता येईल काय?

आधी हा मार्ग किती चांगला आहे, ते सांगणे न्यायाचे होईल. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीय स्त्री-पुरुषांवर सुमारे तीन वर्षे लक्ष ठेवले आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना कोणताच उपाय सांगितला नव्हता, त्यांच्यापैकी शेकडा ५५ जणांना मधुमेह जडला. ज्यांनी जेवण आणि चालणे सुधारले, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३९ वर आले. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळपास तेवढाच लाभ झाला. ह्यातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, आहार-व्यायाम करणाऱ्यांचे वजन म्हणण्यासारखे उतरलेच नव्हते! काटा हलला नाही, तरी शरीर आतून सावरले. तेव्हा “महिनाभर चाललो, एक किलोही गेला नाही,” म्हणून चालणे सोडणाऱ्याने हे अवश्य लक्षात घ्यावे.

काटा दुसऱ्या बाजूनेही फसवितो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघा मित्रांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही अगदी एकच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तेव्हा इंग्रज डॉक्टरांची शेकडा ९.१ आणि आपल्या पुण्याच्या डॉक्टरांची शेकडा २१.२ भरली. म्हणजे आपल्या लोकांत बारीक दिसणाऱ्याच्या अंगातही चरबी लपून बसलेली असू शकते. तिसऱ्या बाकावरच्या बाईंकडे पाहून हसणारा सडपातळ मनुष्य स्वतः आजाराच्या दारात उभा असेल, आणि त्याला त्याचा पत्ताही नसेल.

आता निश्चयाविषयी. निश्चय मोठा, पण तो सर्वसमर्थ नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज ह्यांनी एक प्रयोग केला. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे उभे करावे, हे त्यांस शिकावयाचे होते. त्यासाठी ३६ तरुण स्वखुशीने पुढे आले. ते सारे विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून शस्त्र हाती न घेणारे होते. त्यांतले पुष्कळ जण ब्रेदरन, क्वेकर, मेनोनाइट अशा शांततावादी मंडळ्यांतले. ह्यांच्याहून निश्चयी माणसे कोठून आणावयाची? १९४५ च्या फेब्रुवारीपासून सहा महिने त्यांना पूर्वीच्या निम्म्या आहारावर ठेवले आणि आठवड्याला २२ मैल चालविले. वजन सुमारे पावपट घटले खरे. पण हे तरुण दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तके वाचीत बसत, ताटे चाटीत, स्वप्नातही जेवत. काहींनी चोरून खाल्ले आणि त्यांना प्रयोगातून वगळावे लागले. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक बराच काळ शमेना. जे देशाच्या सरकारपुढे वाकले नाहीत, ते भुकेपुढे वाकले. त्यांना आपण दुबळे म्हणावे काय?

अलीकडचे उदाहरण पाहा. ‘द बिगेस्ट लूजर’ ह्या अमेरिकन दूरदर्शन स्पर्धेत कडक आहार व व्यायाम करून वजन उतरविलेल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. तिचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सरासरी ५८ किलो उतरविले होते, त्यांतले ४१ परत आले होते. शिवाय त्यांचे शरीर स्वस्थ बसले असता अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळीत होते. दुष्काळ पडला आहे असे समजून शरीर काटकसर करू लागते आणि ती काटकसर लवकर सोडीत नाही. म्हणून झपाट्याने उतरविण्यापेक्षा हळूहळू उतरवावे, आणि जन्मभर चालू ठेवता येईल तेवढेच नियम घालून घ्यावेत, हे शहाणपणाचे. पण त्याहून मोठा धडा असा की, एकाच वाटेवर एकाला उतार लागतो, तर दुसऱ्याला चढ. उतारावरून पळणाऱ्याने चढणीवर धापा टाकणाऱ्याला हसू नये.

कोणी म्हणेल, मग खादाडपणा हे पाप नाहीच काय? आहे. परंतु ते कशात आहे, हे नीट पाहावे. सहाव्या शतकाच्या अखेरीस रोमचा बिशप थोरला ग्रेगरी ह्याने ईयोबाच्या पुस्तकावर विवेचन करताना खादाडपणाच्या पाच तऱ्हा सांगितल्या: वेळेआधी खाणे, महागडेच हवे म्हणणे, फार चोचले करून रांधविणे, प्रमाणाबाहेर खाणे, आणि हपापून खाणे. ह्या पाचांत वजनाचा शब्दही नाही. एसावाने ज्येष्ठपणाचा हक्क विकला तो पक्वान्नासाठी नव्हे, साध्या डाळीच्या कालवणासाठी. दोष डाळीत नव्हता आणि एसावाच्या कंबरेतही नव्हता, हपापण्यात होता. ह्या मोजमापाने पाहिले, तर भाजीत मीठ कमी पडले म्हणून घर डोक्यावर घेणारा हडकुळा गृहस्थ खादाड ठरेल. आणि आपल्या आहाराचा दिवसरात्र विचार करणारा, प्रत्येक घास मोजून इतरांना ऐकविणारा मनुष्यही फार दूर नाही, कारण त्याचाही देव पोटच झाला आहे. फक्त ते रिकामे ठेवण्याची पूजा चालली आहे.

दानिएलाची गोष्ट आपण मुलांना आवडीने सांगतो. आम्हीही त्या बोधात ती सांगितली होती. दहा दिवस शाकान्न आणि पाणी! पण दहा दिवसांनंतर दानिएल आणि त्याचे मित्र बारीक झाले नव्हते; राजाचे पक्वान्न खाणाऱ्यांपेक्षा ते अंगाने अधिक भरलेले दिसले, असे तेथे लिहिले आहे (दानिएल १:१५). तो अध्याय निष्ठेविषयी आहे, कंबरेविषयी नाही. शरीर हे मंदिर आहे, हे वचनही आम्ही वापरले होते; त्याचा संदर्भ व्यभिचाराचा आहे, भाताचा नव्हे, हे शिकलेले असूनही आम्ही सोयीस्कर विसरलो. आणि खुद्द आपल्या प्रभूलाच त्याच्या वैऱ्यांनी खादाड म्हटले होते, हे तर आम्हांला आठवलेच नाही. दुसऱ्याच्या ताटावरून त्याची पारख करणारे कोणाच्या रांगेत बसतात, हे त्यावरून कळावे.

आता औषधाची गोष्ट. ह्या इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइडची जी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली, तीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. मात्र औषध थांबविल्यावर वर्षभरात त्यातले दोन-तृतीयांश परत आले. मळमळ, उलट्या असे त्रास पुष्कळांना होतात, आणि खर्च तर आहेच. शिवाय त्या चाचणीत इंजेक्शन घेणाऱ्यांनाही आहार आणि व्यायाम ह्यांचा सल्ला दिलाच होता. सुई आली म्हणून ताट आणि चालणे सुटत नाही. ह्यावरून बहुतेकांनी आधी जेवण आणि चालणे सुधारून पाहावे, लग्नसराईत बारीक दिसावे म्हणून सुईकडे धावू नये, असे आम्ही आजही म्हणू. पण ज्याला डॉक्टरांनी विचारपूर्वक औषध दिले किंवा शस्त्रक्रिया सांगितली, त्याने ती घेणे ह्यात लाज कसली? आम्ही चष्मा लावून शास्त्र वाचतो. डोळे ताणून वाचण्यात जास्त पुण्य आहे, असे आम्हांला कोणी सांगितलेले नाही. लूक हा वैद्य होता, आणि पौलाने त्याला प्रिय म्हटले. औषध न घेणे हा सद्गुण नव्हे. गरज नसताना न घेणे हे शहाणपण आहे, आणि गरज असताना गर्वाने न घेणे हा मूर्खपणा आहे. आमच्या बोधाने एका भावाला त्या मूर्खपणात ढकलले.

आणखी एक गोष्ट आम्हांला घरातच कळली. हा लेख लिहीत असताना सौभाग्यवतींना वाचून दाखविला. त्या म्हणाल्या, “अहो, मी अकरा किलो उतरवले, असं तुम्ही सगळीकडे सांगता. रोज दोन तऱ्हेचा स्वयंपाक कोणी केला? ज्वारी निवडून दळून कोणी आणली? पहाटे तुम्ही चालायला जाता, तेव्हा मुलांचे डबे कोण भरतं? मला पाऊण तास कोण देणार?” त्यांचे वजन आमच्या वजनाबरोबर उतरले नव्हते, ह्याचे कारण त्यांचा निश्चय नव्हता, आमचा पाऊण तास होता. ज्याला वेळ आहे, ताजी भाजी परवडते, चालावयास सुरक्षित रस्ता आहे आणि कोणी रांधून देणारे आहे, त्याच्या निश्चयाला पुष्कळ हात लागलेले असतात. आता आम्ही एक दिवसाआड डबे भरतो आणि त्या चालावयास जातात. भाकरी आमच्या हातून अजून गोल होत नाही.

तेव्हा ह्यात मंडळीचेही कर्तव्य आहे, असे आम्हांला वाटते. एकट्याच्या निश्चयावर सारे ओझे टाकून आपण सर्वांनी त्याच्यापुढे केकची ताटली धरावी, हे बरे नव्हे. उपासनेनंतर बिनसाखरेच्या चहाची वेगळी किटली ठेवता येईल. प्रीतिभोजनात पुरी-बटाट्याबरोबर उसळ आणि कोशिंबीर ठेवता येईल. नाताळाच्या करंज्या-चकल्या असाव्यातच, आनंद हाही देवाचाच, पण “एवढंच? आमचा मान नाही ठेवलात!” म्हणून दुसऱ्याच्या ताटात बळेच वाढू नये. महिला मंडळाच्या भगिनींनी संध्याकाळी मिळून चालावे. एकटीला जे जमत नाही, ते चौघींना जमते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विशेष विनंती. वर्गातल्या कोणत्याही मुलाला जाड्या, ढोल्या, लठ्ठ असे म्हणू नका आणि इतरांना म्हणू देऊ नका. नाताळाच्या नाटकात गुबगुबीत मुलाला हसण्यासाठीच उभे करू नका. मुलांना पळवा, खेळवा, खाऊ म्हणून कधी चिक्कीऐवजी पेरू द्या. पण त्यांच्या शरीराचा आकडा हा त्यांच्या चांगुलपणाचा आकडा आहे, असे त्यांच्या मनात भरवू नका. लहानपणी मनावर पडलेला तो शब्द वजन उतरले तरी उतरत नाही.

पौल तीमथ्याला लिहिताना शरीराच्या व्यायामाचा थोडा उपयोग मान्य करतो. तो त्याला धिक्कारीत नाही आणि पहिल्या आसनावरही बसवीत नाही. ह्या ‘थोड्या’त फार मोठे शहाणपण आहे, असे आम्हांला आता वाटते. चालावे, मोजके खावे, औषधावाचून भागत असेल तर भागवावे, आणि जे आरोग्य मिळेल ते कोणाच्या तरी उपयोगी आणावे. ते आरशासमोर किंवा व्यासपीठावर उभे करून दाखविण्याची वस्तू नव्हे. मंदिरात पुढे उभा राहून, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, असे सांगणाऱ्या परूश्याच्या उपासात काही खोट नव्हती. खोट होती ती दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे टाकलेल्या नजरेत.

बाई नाताळाच्या उपासनेला आल्या. तिसऱ्या बाकावर आपल्या जागी बसल्या. त्यांचे वजन होते तेवढेच आहे. तो तरुण पुन्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेतो, आणि शनिवारी पहाटे आमच्याबरोबर डेपोत चालावयास येतो. राहिले आम्ही. गेल्या पावसाळ्यात गुडघा दुखावल्याने चालणे थांबले होते. ७३ चे ७७ झाले आहेत. परवा काट्यावर उभे राहिलो, तेव्हा तो आकडा पाहून प्रथम चिडलो आणि मग हसू आले. बाईंनी लहानपणी पुस्तकांचा क्रम शिकविला होता. ह्या वयात पुन्हा एकदा नम्रतेचा पहिला धडा त्यांच्याकडेच घ्यावा लागला.

वाचकहो, आपल्या मंडळीत कोणते बाक रिकामे आहे? ते आपल्या एखाद्या वाक्याने तर रिकामे झाले नसेल ना? एवढे एकदा तपासून पाहावे.